अदृश्य मुकादम

10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना रविवारची सुट्टी मान्य केली. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे त्यासाठी कित्येक वर्षे झगडत होते. 1884 साली त्यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला होता. मागण्या साध्या होत्या: आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, कामावर जखमी झाल्यास भरपाई.

गिरणीतला मुकादम जाच करी, पण तो डोळ्यांना दिसे. त्याला जाब विचारता येई, चौघांना जमवून गेटवर बसता येई. घरोघरी जेवण पोहोचवणाऱ्या आजच्या पोराचा मुकादम मोबाइलमध्ये बसलेला आहे. गेल्या पावसाळ्यात असाच एक जण आमच्या कचेरीखाली आडोशाला उभा होता. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन शर्टाच्या बाहीने पुन्हा पुन्हा पुसत होता. ॲपवरची त्याची आयडी ब्लॉक झाली होती. हेल्पलाइनवर ठरावीक उत्तरे देणारे यंत्र होते. गाडीचा हप्ता तीन दिवसांवर आलेला, आणि आपले काय चुकले हे सांगणारे कोणी नव्हते.

नीती आयोगाच्या अंदाजानुसार 2029-30 पर्यंत देशात अशी सुटी कामे करणारे 2 कोटी 35 लाख (गिग) कामगार असतील. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांच्यासाठी कंपन्यांच्या उलाढालीतून 1 ते 2 टक्के वर्गणीची तरतूद केली, हे स्वागतार्हच आहे. पण निधीतून औषधपाण्याची सोय होईल; रातोरात गेलेल्या रोजीची दाद लागणार नाही.

कर्नाटकाच्या 2025 च्या कायद्याने ती वाट काढली आहे. कामावरून काढण्यापूर्वी लेखी कारण आणि 14 दिवसांची सूचना द्यावी लागते. काम वाटणारी, गुण देणारी यंत्रणा कशी चालते हेही सांगावे लागते. युरोपीय संघाचा 2024 चा निर्देश त्याही पुढे जातो: खाते बंद करण्याचा निर्णय माणसानेच घ्यायचा.

ही यंत्रणा चालवणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेला आमचा विरोध नाही. जवळची ऑर्डर कोणाला द्यायची, हे तिने खुशाल ठरवावे. कोणाची चूल विझवायची, हे मात्र तिच्यावर सोडता येणार नाही. लोखंडे यांच्या अर्जाला निदान तो घेणारा हात होता. ज्या मुंबईतून तो अर्ज गेला, तिथल्या विधिमंडळाने एवढे तरी कायद्यात लिहावे: आयडी बंद करण्याआधी कारण मराठीत, लेखी द्या, आणि त्या कामगाराचे म्हणणे ऐकायला एक माणूस समोर बसवा.