उन्हातले कष्ट आणि कोलेस्टेरॉलची गोळी



गेल्या वैशाखात साठीचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, तेव्हापासून कोलेस्टेरॉलची गोळी चालू. म्हणाले, "डॉक्टर, चार दिवस झाले, गोळी बंद केली. मांड्या भरून आल्यात. शेजारी म्हणतो, उन्हाळ्यात ही गोळी बाधते." त्याआधी काय काम केले, असे विचारले. तर चार महिने शेताकडे न फिरकलेले हे गृहस्थ सलग दोन दुपारी शेणखत पांगवत होते! मांड्या भरल्या त्या खोऱ्या-पाटीने, शिक्षा झाली गोळीला.

ॲटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन अशी या गोळ्यांची नावे असतात. शेवटी 'स्टॅटिन' आले की ओळखावे. आपले यकृत कोलेस्टेरॉल तयार करते, त्याला ही गोळी आवर घालते. तिचा मूळ शोध १९७० च्या दशकात जपानच्या अकिरा एन्डो यांनी बुरशीतून लावला. तेही शेतकऱ्याच्याच घरात जन्मलेले, हे जाता जाता सांगतो. झटका येऊन गेलेल्याने किंवा स्टेंट बसवलेल्याने ही गोळी आपल्या मनाने बंद केली, तर पुन्हा झटका येण्याचा धोका वाढतो.

मग गोळी घेणाऱ्याने उन्हाळ्यात कष्ट करू नयेत काय? अवश्य करावेत. डॉक्टरांनी सांगितलेले चालणेही सोडू नये, फक्त ते दिवस उगवायच्या सुमारास उरकावे. जपायचे ते एकाएकी अंगावर घेतलेल्या जड कामाला. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठ ते पंधरा दिवस लागतात. पहिल्या दिवशी तास-दीड तास, मग थोडे थोडे वाढवावे. शहरातून सुट्टीला आलेल्या मंडळींनीही पहिल्याच दिवशी विहिरीचा गाळ काढायला उतरू नये.

पाणी तहानेची वाट न पाहता प्यावे. उन्हात राबताना दर वीस मिनिटांनी पेलाभर, अधूनमधून पातळ ताक. (हृदय कमजोर असल्याने किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.) आणि भगिनींनो, आडोसा नाही म्हणून दिवसभर घोटभरही पाणी न पिता खुरपणी करण्याची तुमची सवय मला ठाऊक आहे. ती घातक आहे. बांधाकडेला चार काठ्यांना जुने लुगडे बांधून आडोसा करणे घरच्या पुरुषांना अवघड नाही.

आता दुखण्याविषयी. नव्या कामाने दुखणारे अंग बहुधा तीन-चार दिवसांत मोकळे होते. गोळीमुळे दुखते तेव्हा बहुधा दोन्ही मांड्या, पोटऱ्या किंवा खांदे सारखेच दुखतात, काम नसतानाही दुखतात आणि दुखणे हटत नाही. असे झाल्यास डॉक्टरांना दाखवा. ते रक्त तपासून मात्रा कमी करतील किंवा गोळी बदलून देतील. गोळी घेणाऱ्या बहुतेकांना हा त्रास होतच नाही.

क्वचित मात्र प्रकरण गंभीर होते. अतिश्रम, ऊन आणि पाण्याची कमतरता एकत्र आली, की स्नायू आतून फुटू लागतात आणि त्यांतले द्रव्य मूत्रपिंडावर ताण आणते. गोळी न घेणाऱ्यालाही हे होऊ शकते, गोळी असताना धोका थोडा अधिक. खूण लक्षात ठेवा. नुसती गडद पिवळी लघवी पाणी प्यायल्यावर फिकी होते. पण अंग भयंकर दुखते आहे, हातापायांत जोर नाही आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते आहे, असे दिसले तर पुढची गोळी घेण्याआधी, त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. रात्र काढू नका.

अशा वेळी दुकानातून अंगदुखीची गोळी आणणे किंवा 'एक सुई' टोचून घेणे फार वाईट. पाणी कमी पडलेल्या शरीरात वेदनाशामक औषधे मूत्रपिंडाला आणखी इजा करतात. नायट्यासाठी मिळणारी इट्राकोनॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक औषधे ॲटोरव्हास्टॅटिनचे रक्तातले प्रमाण वाढवतात. तेव्हा कोणतेही नवे औषध घेण्याआधी कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, हे आधी सांगावे. जुलाब-उलट्या लागल्या असतील तर त्या दिवशी शेत नको, आणि गोळीचे काय करायचे ते डॉक्टरांना विचारा.

आमच्या त्या गृहस्थांच्या मांड्या पाचव्या दिवशी मोकळ्या झाल्या, गोळी पुन्हा सुरू झाली. उरलेले खत त्यांनी सकाळी सकाळी, आठवडाभरात पांगवले. तपासायला येताना मात्र चालू औषधांची पाकिटे पिशवीत घालून आणत चला. 'छोटी पांढरी गोळी' एवढ्यावर आम्हा डॉक्टरांना काही उमगत नाही!