बाईची ती ‘परंपरा’, पुरुषाची ती ‘कला’?

थोर चित्रकाराला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘तुमची प्रेरणा कोणती?’ वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्याबद्दलही तो सतत विचारला गेला. १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार, २०११ ची पद्मश्री, परदेशातली प्रदर्शने, आणि २०१८ साली निधन झाल्यावर आलेले मृत्युलेख. प्रत्येक वेळी उत्तर तेच: निसर्ग, जंगल, आदिवासींची निरागसता, उपजत प्रतिभा. म्हसे मोठे चित्रकार होते यात वाद नाही. वाद या उत्तराशी आहे, कारण या उत्तरात बाई कुठेच नाही.

वस्तुस्थिती काय आहे? वारल्यांमध्ये चित्र काढणे हे बायकांचे काम. घरात लग्न निघाले की सवाशिणी शेणाने सारवलेल्या, गेरू लावलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढत. कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. चौकात पालघाट देवी. चौक निघाल्याशिवाय लग्न लागत नसे. आणि लग्न लावायला धवलेरी, म्हणजे तीही बाईच. आकार कोणते, मांडणी कशी, कशाशेजारी काय यायचे, हे सगळे ज्ञान बायकांच्या हातात आणि गळ्यात होते.

म्हसे लहानपणी आईला मुकले, त्यांचे बोलणे थांबले आणि ते धुळीत चित्रे काढून मनातले सांगू लागले, हे त्यांच्याविषयीच्या बहुतेक लेखांत येते. मेलेली आई प्रेरणा म्हणून चालते. पण ज्या जिवंत बायकांच्या हातांकडे पाहून ही चित्रभाषा कळली, त्यांना कोणी गुरू म्हणत नाही. त्यांना ‘परंपरा’ म्हणतात. परंपरेला नाव नसते, मानधन नसते, तिला पुरस्कारही द्यावा लागत नाही.

‘निरागसते’चेही एकदा बघू या. ज्या लग्नासाठी हा चौक निघायचा, त्याच लग्नाच्या कर्जापायी वारली माणूस जमीनदाराचा लग्नगडी व्हायचा आणि त्याच्याबरोबर बायकोही वेठीला जुंपली जायची. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये हे सगळे लिहून ठेवले आहे. १९४५ साली वारली बायापुरुष लाल झेंड्याखाली उठले तेव्हा ही गुलामी मोडली. दिवसभर सावकाराच्या शेतात राबून आलेल्या बाईने पिठात काडी बुडवून देवी काढायची, याला निरागसता म्हणायचे? मी त्याला ताकद म्हणते. सर्जनाची ऊर्जा शोधायचीच असेल, तर ती इथे शोधा.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी डहाणू भागात कागद घेऊन आले, तेव्हा बायका लाजल्या, पुढे आल्या नाहीत, म्हसे आले. असेल. पण हेच कुलकर्णी त्याआधी, बिहारच्या १९६६-६७ च्या दुष्काळात, पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून मिथिलेत गेले होते. तिथल्या बायका तर पडद्यातल्या. तरी तिथे कागद बायकांच्याच हातात गेला. जगदंबा देवींना १९७५ साली, सीता देवींना १९८१ साली, गंगा देवींना १९८४ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा ‘लाज’ हे उत्तर पुरे पडत नाही. घराबाहेर कोण पडू शकते, अधिकारी कोणाशी बोलतो, मुंबईची गाडी कोण पकडतो, पैसे कोणाच्या हातात पडतात, असे प्रश्न विचारावे लागतात. मिथिलेतही सगळ्या बायकांना दार सारखे उघडले नाही. पहिली नावे ब्राह्मण-कायस्थ घरांतली. मल्लाह जातीच्या, दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी केलेल्या दुलारी देवींना पद्मश्री मिळायला २०२१ उजाडले.

म्हसे यांचे मोठेपण यामुळे कमी होत नाही. बायकांचे मानलेले काम एका पुरुषाने न लाजता हाती घेतले, विधी नसतानाही रोज चित्र काढले, मासेमारीचे जाळे, मुंग्यांची रांग, शेतातली कामे कागदावर आणली. हे धाडसच होते. मात्र काम घरात, विनामोल असते तोवर ते बाईचे. त्याला भाव आला की ते पुरुषाचे, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. चुलीपाशी ती रांधते आणि हॉटेलात तो आचारी असतो. आज वारली बायकाही कागदावर, कापडावर चित्रे काढतात, विकतात. पण मोठी म्हणून घेतली जाणारी नावे बहुतेक पुरुषांचीच आहेत.

म्हणून मैत्रिणींनो, माझे म्हणणे एवढेच. आपल्या पोस्टरांवर, कॅलेंडरांवर, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर वारली बाई फेर धरून नाचत असते. ती कोणी काढली, हे आपण छापू या. काम वारली बाईकडून करून घेऊ या आणि पैसे तिच्या हातात देऊ या. कार्यशाळेला ‘वारली कलाकार’ बोलावताना बाईला बोलावू या, सोबत मूल असेल तर त्याची सोय करू या. धवलेरींची गाणी कोणी उतरवून घेणार असेल, तर वर गाणारीचे नाव आणि तिला मानधन, ही अट घालू या. आणि पुढच्या वेळी व्यासपीठावरून कोणी ‘निसर्गाची प्रेरणा’ म्हणाले, की उठून विचारू या: भिंतीवर आधी कोणी काढले होते? त्यांची नावे सांगा.