बाळाचं दूध गार ठेवा, ऐनवेळी कोमट करा

गार दूध बाळाला बाधतं, म्हणून भरलेली बाटली दुपट्यात गुंडाळून नाहीतर थर्मासात घालून कोमटच ठेवायची, ही आपल्या घरांतली पक्की समजूत. पाटनहून जबलपूरला नोकरीसाठी जाणारी आई सकाळी दूध काढून ठेवते आणि घरी राहिलेली आजी ते जिवापाड जपून ऊबदार ठेवते. मायेत काहीच खोट नाही. समजूत मात्र चुकीची आहे, आणि ती सोडायलाच हवी.

जंतूंना हवं असतं ते असंच कोमट, पौष्टिक दूध. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान ते वाढतात, आणि अंगाच्या उष्णतेच्या आसपास तर फार झपाट्याने. उलट पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळाला फ्रीजमधलं गार दूधही चालतं. आपण ते कोमट करतो ते बाळाला आवडतं म्हणून, आणि तेवढं पाजायच्या वेळी केलं की पुरतं. थर्मासात दूध नको, गरम पाणी ठेवा.

‘काढलेलं दूध चार तास टिकतं, असं डॉक्टरच सांगतात की!’ सांगतात, पण तो हिशेब २५ अंशांपर्यंतच्या खोलीचा. डिसेंबर-जानेवारीत पाटनच्या शिवारात मटारची तोडणी ऐन भरात असते, तेव्हा तो इथे लागू पडेल. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा मुळीच नाही. माठाच्या गारव्यावरही भिस्त ठेवू नये, तो फ्रीजइतका कधीच उतरत नाही. फ्रीजमध्ये ४ अंशांवर आईचं दूध ४ दिवस राहतं, मात्र आत मागच्या बाजूला. दारातल्या कप्प्याला दर उघडझापीत बाहेरची झळ लागते. बसने आणायचं तर गोठवलेल्या आइसपॅकच्या डब्यात २४ तास निभावतं. यातलं काहीच जवळ नसेल, तर उन्हाळ्यात दूध साठवू नये, काढल्याबरोबर पाजावं.

‘मग उकळूनच द्या ना,’ असंही कुणी म्हणेल, आणि दाखला सायनचा देईल. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. पेढ्यांमध्ये दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवतात, हे खरं. पण ते दूध परक्या आईचं असतं आणि बहुधा अपुऱ्या दिवसांच्या नाजूक बाळांना जातं. तिथेही ते उकळत नाहीत, मोजून तापवतात आणि लगेच गार करतात. स्वतःच्या आईच्या दुधात लॅक्टोफेरिन, लायसोझाइम, प्रतिपिंडं असं जंतूंना रोखणारं बरंच काही असतं. गाईच्या दुधासारखी त्याला उकळी आणली, की हे संरक्षण आपणच मोडतो.

पावडरच्या दुधाचा न्याय अगदी वेगळा. डबा सीलबंद असला तरी पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर हा जंतू असतो आणि तान्ह्या बाळाला त्याच्यामुळे मेंदूज्वर होऊ शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना किमान ७० अंशांच्या पाण्यात पावडर कालवायला सांगते. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत वापरायचं, आणि बाटली बंद करून नळाच्या धारेखाली गार करायची. ‘एवढ्या गरम पाण्याने सत्त्व जातं,’ हा आक्षेप अगदी निराधार नाही, काही जीवनसत्त्वं थोडी घटतात. पण मेंदूज्वरापुढे त्या घटीचं कौतुक करत बसण्यात अर्थ नाही. तयार दूध लगेच पाजावं. दोन तास उलटून गेले तर टाकून द्यावं.

आता कोमट कसं करायचं ते. पातेलीत गरम पाणी घ्या, गॅस बंद ठेवा आणि बाटली पाच-सात मिनिटं त्यात उभी करा. आईच्या दुधात स्निग्धांश वर तरंगून आलेला दिसेल. तो नासका नव्हे, बाटली हलक्या हाताने गोल फिरवली की मिसळतो. मग मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहा. तो गरम लागता कामा नये. मायक्रोवेव्ह नकोच. त्यात बाटली हाताला कोमट लागते, पण आतलं दूध कुठेतरी कढत असतं आणि बाळाचं तोंड भाजतं.

तोंड लागलेलं आईचं दूध दोन तासांत संपवायचं, परत फ्रीजमध्ये ठेवायचं नाही. कष्टाने काढलेलं दूध मोरीत ओतताना आईचा जीव तुटतो, हे मान्यच. म्हणून सकाळीच ते ६० ते १२० मिलिलिटरचे वाटे करून ठेवावं, वर तारीख आणि वेळ लिहावी, आणि एका वेळी एकच वाटा बाहेर काढावा.