गीझर टाकीचा की बिनटाकीचा?

विद्यार्थी मित्रांनो, 'बिनटाकीचा गीझर निम्मी वीज वाचवतो' असे कोणी सांगितले, तर आधी वही काढा. आपल्या छत्रपती संभाजीनगरात थंडीत 20 अंशांचे 15 लिटर पाणी 40 अंशांवर न्यायला 300 किलोकॅलरी, म्हणजे सुमारे 0.35 युनिट वीज लागणारच; गीझर कोणताही असो! टाकीत जास्तीची वीज जाते ती साठलेले पाणी निवते म्हणून. चौघांच्या आंघोळी पाठोपाठ होत असतील, तर ही नासाडी थोडी. एकट्यादुकट्याला, अवेळी पाणी लागत असेल तर बिनटाकीचा बरा. मात्र 3 किलोवॅटचा गीझर 13 अँपिअर प्रवाह ओढतो आणि तरीही बादलीला 7 मिनिटे लावतो. जुन्या वायरिंगला तो झेपेल का, हे आधी तपासून घ्या. माझे मत विचाराल तर गीझर बदलण्यापूर्वी, बटण वेळेवर बंद करण्याची सवय लावा.