धुऱ्यावरचा तरोटा

रानभाज्यांच्या कौतुकाची आता एक तारीख ठरली आहे. ऑगस्ट आला की कृषी विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो आणि तरोट्याच्या जुडीसोबत फोटो निघतात. खरं तर तरोटा आषाढातच कोवळा खुडायचा. महोत्सवापर्यंत तो निबर होऊ लागतो. पण माझं भांडण तारखेशी नाही. त्याच दिवसांत आमच्या बुलढाणा जिल्ह्यात धुरेच्या धुरे तणनाशकाने पिवळे पडलेले असतात, त्याच्याशी आहे.

"धुरा साफ पाहिजे, नाहीतर कीड पिकात शिरते," असं सांगतात. कोणती कीड? तरोट्यावर हिरव्या अळ्या असतात, हे खरं. त्या बहुतेक पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या. कपाशीत त्यांना काही काम नाही. आणि ज्या गुलाबी बोंडअळीने आपल्याला रडवलं, ती तरोट्यावर वाढत नाही. तिला कपाशीचंच कूळ लागतं.

आता फुलाचं बघा. तरोट्याच्या पिवळ्या फुलात मध नसतो. पराग असतात, तेही परागकोशात कोंडलेले, टोकाला बारीक भोक. भुंगा फुलाला लटकून अंग थरथरवतो, तेव्हा मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसे ते बाहेर पडतात. आपल्या मधमाशीला ही विद्या येत नाही. यात तरोट्याचं फारसं अडत नाही, तो स्वतःच्या परागावरही बी धरतो. अडतं भुंग्याचं. वांग्याच्या फुलातही पराग असेच कोंडलेले असतात, आणि पुढे तुरीच्या फुलावर येणाऱ्यांतही हा भुंगा असतोच. तूर फुलायच्या आधी, श्रावण-भाद्रपदात, त्याने खायचं काय? वाळक्या लाकडात घर करणाऱ्या या जीवाची झाडं आपण आधीच तोडली. आता शिदोरीही जाळतो आहोत.

मजुरी परवडत नाही, हे मान्य. सोयाबीनमधला तरोटा उपटलाच पाहिजे, तो पिकाच्या तोंडचं खातो. पण धुऱ्यावरचा कोणाचं काय खातो? बी पसरायची भीती असेल तर शेंगा वाळायच्या आत विळा लावा.

शेवटची गोष्ट माणसांची. ग्लायफोसेट मारल्यावर पान पिवळं पडायला काही दिवस लागतात. तोवर ते हिरवंगार, खुडण्याजोगं दिसतं. दुसऱ्याच्या धुऱ्यावर भाजी खुडणाऱ्या भूमिहीन बाईला ते कसं कळावं? ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने अधिसूचना काढली, की हे औषध फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच वापरावं. कागदावर ठीक आहे. आमच्या वावरात पेस्ट कंट्रोलवाला आलेला मी तरी पाहिला नाही. पाठीवर पंप घेतलेला गडीच दिसतो.

महोत्सव जरूर भरवा. पण स्टॉलवर एक पाटी लावा: ही भाजी न फवारलेल्या धुऱ्यावरची आहे. किती जुड्या उरतात ते मग मोजू.