अंडं कोणाच्या धर्माचं?

"आपल्या मुलांना घरी मटण-मासळी मिळते, शाळेतल्या अंड्याचं आपल्याला काय?" महाडमध्ये हे मी अनेकदा ऐकलंय. बोलणारे बहुतेक आपलेच, मुसलमान.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्यांना केळं किंवा दुसरं फळ होतंच. कोणाच्या तोंडात कोणी अंडं कोंबत नव्हतं, तरी भावना दुखावल्या. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने निधी काढून घेतला आणि सांगितलं, हवं तर लोकवर्गणीतून द्या. लोकवर्गणी! पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीत कर्ती माणसं मुंबई-पुण्याला, मागे म्हातारे आणि पोरं. वर्गणी काढायची कोणाकडून?

आता हिशेब बघा. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये जी प्रमाणं ठरवली, त्यांत सात ते नऊ वर्षांच्या मुलाला रोज सुमारे २३ ग्रॅम प्रथिनं लागतात, दहा ते बारा वर्षांच्या मुलीला ३३. प्राथमिक शाळेच्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा सरकारचाच नियम आहे. त्यासाठी १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ. तांदळातून सातेक ग्रॅम, डाळीतून साडेचार. म्हणजे कागदावर कसंबसं जमतं. डाळीत पाणी वाढलं की तेही गेलं. शिवाय बी-१२ जीवनसत्त्व ना भातात, ना डाळीत. ते अंड्यात आहे, आणि वर सहा ग्रॅम उत्तम प्रथिनं. कातकरी वाडीतल्या पोराला ते सहा ग्रॅम दुसरीकडून मिळणार नाहीत.

आणि आपल्या 'घरी मिळतं'चं काय? कोणाला मिळतं? कलेजी, चांगल्या बोट्या पुरुषांच्या ताटात. बाई शेवटी बसते, तिच्या वाट्याला रस्सा आणि भात. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. आपलं ताट नेमकं उलटं वाढलेलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. त्यातून आपल्या बायका सुटल्या असतील, असं निकाहातली बिर्याणीची देग बघून कोणी समजू नये.

(नाचणी हा आणखी एक विषय. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम, पिकते इथल्याच वरकस जमिनीवर, आणि आपण तिला गरिबाची भाकरी म्हणून पाहुण्यांपुढे ठेवत नाही.)

कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात. आपले पालक त्या बैठकांना किती जातात? पुढच्या बैठकीत दोन गोष्टी मागा: डाळ रोज आपल्यासमोर तोलून घ्या, आणि अंड्याचा निधी सरकारनेच परत द्यावा असा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. सही करताना शेजारच्या वाडीतल्या पालकांनाही सोबत घ्या.