पैसे फेडले, पण नोंद कुठे?

सियालदहहून सुटणारी लोकल हुगळीकाठच्या बजबजला येऊन थांबते. पुढे रूळ नाहीत. ज्यूटच्या गिरण्या आणि तेलाच्या टाक्या यांचे हे गाव. इथल्या गिरणीत वीस वर्षे काढलेला, वाण्याची उधारी दर महिन्याला चुकती करणारा एखादा कामगार दोन खोल्यांच्या घरासाठी बँकेत जातो, तेव्हा त्याला कळते की आपल्या नावावर कर्जफेडीची एकही नोंद नाही. कुणाचा पैसा बुडवला नाही त्याचे हेच का फळ, असे त्याला वाटले तर नवल नाही.

गिरणी कामगार आणि कर्ज यांचे नाते जुने. बहुतेक कामगार नोकरीतला मोठा काळ कर्जातच काढतात, असे १९३१ मध्ये शाही श्रम आयोगाने नोंदवले होते. रुपयामागे महिन्याला एक आणा व्याज तेव्हा सर्रास घेतले जाई. म्हणजे वर्षाला ७५ टक्के! ते फेडल्याचा पुरावा सावकाराच्या वहीत, आणि वही त्याच्याच पेटीत. मुंबईच्या गिरणगावात तरी वेगळे काय होते?

वाण्याची वही आजही बँकेला दिसत नाही. बँक पाहते ती पतमाहिती कंपन्यांचा अहवाल. २००० साली स्थापन झालेल्या सिबिलसह देशात अशा चार कंपन्या आहेत. त्या ३०० ते ९०० च्या दरम्यान गुण देतात. नोंद नसणे आणि गुण वाईट असणे यांत मात्र फरक आहे. केवळ पूर्वी कर्ज घेतले नाही म्हणून अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना कळवले आहे. पण नाकारू नये म्हणजे द्यावेच, असे नव्हे. शिवाय अनेक बँका गुण पाहून व्याजदर ठरवतात. २० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी साडेआठऐवजी ९ टक्क्यांनी मिळाले, तर हप्ता सुमारे ६४० रुपयांनी वाढतो. एकूण भुर्दंड दीड लाखावर!

म्हणून घराचा विचार पक्का झाला की वर्ष-दीड वर्ष आधीच तयारीला लागावे. बँकेत थोडी मुदत ठेव ठेवून तिच्या तारणावर क्रेडिट कार्ड मिळते. त्यावर महिन्याचे वाणसामान आणावे आणि बिल मुदतीत पूर्ण भरावे. बिलावर छापलेली 'किमान रक्कम' भरून समाधान मानणे महागात पडते. अडचणीत बांगड्या गहाण टाकायच्याच असतील तर बँकेत टाकाव्यात. त्याच बांगड्या सराफाकडे ठेवल्या, तर वेळेवर सोडवूनही नावावर काही लागत नाही. एकाच आठवड्यात चार बँकांत अर्ज टाकू नयेत. तीही नोंद होते. गृहिणीच्या नावेही एखादे छोटे कर्ज असावे. पुढे ती सहकर्जदार झाली तर उपयोगी पडते.

खरा धोका असतो जामीनदारीत. शेजाऱ्यासाठी भिडेखातर सही केली आणि त्याने हप्ते थकवले, तर डाग सही करणाऱ्याच्या अहवालावरही पडतो. सही करण्यापूर्वी घरात विचारलेले बरे.

ज्यूटच्या धंद्यात फाटकावर अचानक 'काम बंद'ची नोटीस लागणे नवे नाही. पगार थांबतो, हप्ता थांबत नाही. तीन-चार हप्त्यांइतकी रक्कम बाजूला असल्याशिवाय कोणतेही कर्ज, अगदी फ्रिजचेसुद्धा, काढू नये. तरीही अडचण आलीच तर हप्ता चुकण्याआधी बँकेत जाऊन बोलावे. थोडी रक्कम भरून तडजोड केली, तर अहवालात 'सेटल्ड' असा शेरा लागतो आणि तो पुढच्या बँकेला खटकतो.

चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मागवता येतो. त्यात दुसऱ्याचेच कर्ज आपल्या नावे दिसले किंवा फिटलेले कर्ज चालू दिसले, तर लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत तिचा निकाल लागला नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. तक्रारीची पोच आणि कर्ज फिटल्याचा दाखला रेशनकार्डाशेजारीच जपून ठेवावा.